मोमीनसाहेब आणि पालीचा गुडघा

मोमीनसाहेब रिपोर्ट पाठवत नसत, घेऊन येत. भोरच्या एसटी स्टँडमागे त्यांची एका खोलीची लॅब होती आणि माझा दवाखाना तिथून चालत चार मिनिटांवर. बाकीचे लॅबवाले पाकीट पेशंटच्या हातात देऊन मोकळे होतात. हे स्वतः यायचे. करडा सफारी, खिशाला एकच पेन, पायात आरशासारखे पॉलिश केलेले बूट. बाहेर कितीही पेशंट ताटकळत बसलेले असोत, साहेब थेट आत. कागद टेबलावर ठेवायचा, त्यावर पंजा ठेवायचा, आणि मी हात पुढे करायच्या आत विचारायचं, "डॉक्टर, आधी तुमी सांगा. काय आलं असंल?"

मला याचा मनस्वी राग यायचा. मी हाडांचा डॉक्टर, पुण्यात शिकून आलेला, दारावर नावाची पितळी पाटी लावलेला. आणि हे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले लॅब टेक्निशियन. माझी तोंडी परीक्षा घेणारे हे कोण? पण उत्तर दिल्याशिवाय कागदावरचा पंजा हलत नसे. माझं उत्तर बरोबर आलं तर ते नुसतं "हं" म्हणत. चुकलं तर त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की जणू घरी पाहुणे आलेत. नव्वदच्या दशकातली पाच-सहा वर्षं मी त्या "हं"साठी धडपडत होतो, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही. तेव्हा मेलो असतो तरी कबूल केलं नसतं.

त्यांच्याकडे एकच मायक्रोस्कोप होता. त्यांच्या बेगमने शिवलेल्या हिरव्या टोपड्यात तो झाकलेला असायचा आणि टोपडं काढताना साहेबांचे हात झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसे चालायचे. पण तोच मायक्रोस्कोप ते कुणालाही बघायला देत. पेशंटला तर आग्रहानं. एकदा एका पैलवानाच्या पोटात जंत निघाले. गडी ऐकेना. तालमीत वाढलेल्या माणसाला जंत होतात, हा त्याला स्वतःचा नाही, वस्तादाचा अपमान वाटत होता. मोमीनसाहेबांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि भिंगात डोळा लावायला लावला. पैलवान बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "ह्ये माजं?"

"तुमचंच. माघारी न्यायचं असंल तर डबीत घालून देतो."

पैलवानाने जंताची गोळी तिथंच चावून खाल्ली. पाणीसुद्धा मागितलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. रिपोर्टवर "जंतू नाहीत" असं ते कधीच लिहीत नसत. "या नमुन्यात जंतू दिसले नाहीत" असं लिहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, दोन्हीचा अर्थ एकच ना?" त्यांनी मान हलवली. "आमाला दिसलं न्हाई, एवढंच आमाला म्हाईत. न्हाई म्हनायचा आधिकार आमाला कुनी दिला?" असं बोलून निघून जायचे आणि मला पुढच्या तीन पेशंटांपर्यंत ते डोक्यातून काढता येत नसे.

साठीला टेकलेल्या या माणसाचे दात मात्र विशीतल्या पोराला लाजवतील असे. जेवण झालं, चहा झाला, अगदी दोन शेंगदाणे तोंडात टाकले, तरी साहेब लॅबबाहेरच्या नळावर उभे राहून ब्रश करायचे. स्टँडवरचे रिक्षावाले हसायचे. "साहेब, कुनाच्या लग्नाला?" साहेब तोंडात फेस घेऊन हात हलवायचे. मलाही ते हसण्यासारखंच वाटायचं. त्यांच्या डोक्यात काय चाललं आहे हे कळायला हौसाबाईचा गुडघा यावा लागला.

हौसाबाई राजगडाच्या पायथ्याची, पालीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन म्हशी, आणि दर शनिवार-रविवारी ताकाची किटली डोक्यावर घेऊन गड चढायचा. वर पद्मावतीच्या देवळाजवळ बसून गडावर येणाऱ्या पोरापोरींना ताक पाजायचं आणि दुपार कलली की उतरायचं. वीस वर्षं हे चाललं होतं. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. मी एक्स-रे काढला. दोन हाडांमधली फट जवळजवळ संपली होती. मी मांडीचे व्यायाम शिकवले, गुडघ्यातलं पाणी काढलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि दिवसातून पंधरा वेळा म्हणायचो तेच वाक्य म्हटलं, "वयाप्रमाणे झीज आहे मावशी. चढ-उतार बंद."

ती म्हणाली, "चढ-उतार बंद म्हंजी? पालीत सपाट हायच कुठं?"

दीड महिन्यात गुडघा परत फुगला. परत पाणी, परत इंजेक्शन. तिसऱ्यांदा आली ती मुलाच्या खांद्यावर भार टाकून. मुलगा दत्ता पुण्यात धनकवडीला राहायचा, कंपनीत होता, आणि आईवर त्याचा मनापासून जीव होता. त्याचं सगळं ठरलं होतं. म्हशींना गिऱ्हाईक बघितलं होतं, दसऱ्याला व्यवहार करून आईला पुण्याला न्यायचं. "लई झालं डॉक्टर आता. सुखात बसंल चार दिस."

"त्या खोलीत?" हौसाबाई म्हणाली. "भिताडं बघत? त्यापरीस मला वरच कुठं तरी ढकलून दे."

तिचा एकच हट्ट होता. नवरात्रात ती दरवर्षी गडावर पद्मावतीची ओटी भरायला जायची. लग्न होऊन आली तेव्हापासून एकदाही चुकलं नव्हतं. तेवढं झाल्याशिवाय म्हशींना हात लावायचा नाही. दत्ताने ते मान्य केलं होतं, कारण आई ज्या पायाने दवाखान्याची पायरी चढू शकत नव्हती त्या पायाने गड चढणार नाही, याची त्याला खात्री होती. मलाही होती. तेव्हा आषाढ चालू होता.

तिसऱ्यांदा पाणी काढताना मलाच शंका आली, टीबी तर नसेल? म्हणून ते मोमीनसाहेबांकडे पाठवलं. त्यांनी स्वतः तपासलं, पुण्यालाही पाठवलं. आठवड्याने साहेब आले. कागदावर पंजा.

"आधी तुमी सांगा."

"टीबी."

"दिसला न्हाई."

"मग साधे जंतू."

"दिसले न्हाईत. पुण्याला वाढवायला घातलं, तितंबी कायच उगवलं न्हाई."

"मग झालं तर! झीजच आहे," मी म्हणालो. पंजा हलला नाही. चेहरा पाहुणे आल्यासारखा खुलला होता.

"झीज हायच. पन निस्त्या झिजंला असतात त्यापरीस पांढऱ्या पेशी जास्ती हायत. ह्या कशापायी धावून आल्या? कुनी तरी वर्दी दिल्याबिगर फौजदार गावात येतो व्हय?"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी आधी हसलो. सरकारी नोकरीत असल्यापासून ते एक गोष्ट बघत होते. ज्या गुडघ्यांच्या पाण्यात जंतू सापडत नाहीत आणि तरी पेशी जास्त असतात, त्यातल्या बऱ्याच जणांची, खास करून बायकांची, तोंडं कुजलेली असतात. हिरड्यांतून पू. साहेबांचं म्हणणं असं, की आग तिथून येते.

"साहेब," मी खुर्ची मागे सरकवून म्हणालो, "हे फार जुनं खूळ आहे. पूर्वी परदेशातल्या डॉक्टरांनी याच नादात लोकांचे धडधाकट दात उपटले. सांधे होते तसेच राहिले आणि तोंडांची बोळकी झाली. शिवाय तुम्हीच म्हणता गुडघ्यात जंतू नाहीत."

"दिसले न्हाईत."

"बरं, दिसले नाहीत! मग आग कोण लावतंय?"

त्यांनी पहिल्यांदाच समोरची खुर्ची ओढली आणि बसले. "डॉक्टर, जत्रंच्या आधी आमी टायफॉइडची लस टोचायचो. नाक्यावर एसटी थांबवून टोचायचो. त्या लशीत जंतू जिता असायचा का मेलेला?"

"मेलेला. तापवून मारलेला."

"मंग दंड सुजायचा का न्हाई?"

"सुजायचा."

"अंगात कसकस यायची का न्हाई? मेलेला जंतू वाढत न्हाई, उगवत न्हाई, तरी मानूस हातरुनात पडायचा. कशानं? त्येच्या सालीनं. जंतू मरतो, साल ऱ्हाती. कुजक्या हिरडीत रोज लाखानं जलमतात आनि मरतात. ती सालपटं रगतात उतरतात. चांगल्या सांध्यात कायबी करत नसतील. पन तुमच्या ह्या हौसाआक्काचा गुडगा आधीच झिजलेला. भेगा पडलेल्या घरात पानी मुरतंच."

त्या सालीचं नाव मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. सोळा वर्षांत ते नाव आणि एखाद्या म्हातारीचा गुडघा एका वाक्यात आणायचं मला सुचलं नव्हतं. माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. मी आवाज चढवला. "सिद्ध करा!"

"हितं भोरात त्येची टेस्ट न्हाई," साहेब शांतपणे म्हणाले. "आधी तिचं त्वांड बघू. घान घावली तर दात उपटू नका. हिरडी साफ करा. नवरात्रापत्तुर इंजेक्शन देऊ नका. तुमचा व्यायाम तसाच चालू ऱ्हाऊ द्या, तो तर पयल्यापासून हाय. बदल एकच करायचा म्हंजे कुनाचं श्रेय कुनाला जानार न्हाई."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांची जिरावी म्हणून हो म्हटलं.

हौसाबाईला तोंड उघडायला लावणं हा एक सोहळाच होता. "आवं, गुडगा दुकतोय माजा! हा बाबा त्वांड कशाला बगतोय?" तिने पदर दाताखाली धरला. ती मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या बायका सकाळ-संध्याकाळ दातांना घासतात, आणि घासून झाली तरी बोट तोंडातच राहतं. दात काळेकुळकुळीत. साहेबांनी कापसाच्या बोळ्याने हिरडी नुसती दाबली आणि पिवळा पू वर आला.

"मला तर कायबी दुकत न्हाई," हौसाबाई म्हणाली.

"कसं दुखंल, आक्का? मिश्रीनं हिरडी बधिर केलीया. दुखनं झोपलंय, घान जागी हाय."

या एका वाक्यात मला माझ्या निम्म्या बायापेशंट दिसल्या. त्या दातांची तक्रार करत नाहीत म्हणून त्यांचे दात बरे आहेत असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बाया मिश्रीने हिरडी गप्प करत होत्या आणि मी गुडघ्यापलीकडे बघत नव्हतो.

साहेबांनी हिरडीच्या कडेचं किटण काडीने खरवडून काचेवर घेतलं, थेंबभर पाणी टाकलं आणि तिला घेऊन लॅबमध्ये गेले. मीही मागोमाग गेलो. हिरवं टोपडं निघालं. हौसाबाईने पदर सावरून भिंगाला डोळा लावला. आत नुसती वळवळ चालली होती.

"आगं बया! ह्ये काय हो?"

"तुमच्या तोंडातलं."

ती ताडकन मागे सरली. तोंडावर हात गेला. डोळ्यांत पाणी आलं. "ह्या तोंडानं म्या देवीचं नाव घेती!" कमरेची मिश्रीची डबी काढून तिने टेबलावर आपटली आणि तरातरा, म्हणजे त्या गुडघ्याने जमेल तेवढी तरातरा, बाहेर पडली. दोन मिनिटांनी परत आली आणि डबी गुपचूप उचलून घेऊन गेली.

भोरला बाजाराच्या दिवशी पुण्याहून एक दाताचे डॉक्टर यायचे. त्यांनी हलणारे दोन दात काढले आणि बाकीच्या हिरड्या दोन खेपांत साफ करायचं ठरलं. पहिली खेप झाली. तिसऱ्या दिवशी हौसाबाईचा गुडघा पूर्वी कधी नव्हता एवढा फुगला.

दत्ता पुण्याहून आला तो सरळ लॅबमध्ये. मी तिथं पोचलो तेव्हा त्याचा आवाज स्टँडवर ऐकू जात होता. "आईच्या जिवाशी खेळताय व्हय? गुडग्याचं दुखनं आनि दाताला हात! कुनी सांगितलं तुमाला डॉक्टरकी करायला?" मी आत शिरताना मला वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक घट्ट आनंद होता. शेवटी मीच बरोबर निघालो होतो.

मोमीनसाहेबांनी दत्ताचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा खुललेला!

"डॉक्टर, घावलं!"

"काय घावलं? बाईला उभं राहता येत नाही आणि तुम्ही हसताय?"

"आवं, साफ करताना हिरडी खरवडली. साचलेली सगळी घान एकदम रगतात गेली. आनि फुगलं काय? डोकं न्हाई, पोट न्हाई, त्योच गुडगा. हिरडीचा आनि गुडग्याचा संबंध न्हाई तर मंग गुडग्याला कळलं कसं?"

"योगायोग असेल," मी म्हणालो. साहेब "असंल" म्हणाले. मग दत्तापुढे हात जोडून उभे राहिले. "पोरा, तुझी आई ती माझी भैन. नवरात्रापत्तुर थांब. न्हाई जमलं तर म्हशी सोडायला मी सोता येतो, तिच्या शिव्या खायला."

दत्ता थांबला. पटलं म्हणून नव्हे. हात जोडलेल्या वडीलधाऱ्या माणसाला काय बोलायचं हे त्याला कळेना म्हणून.

सूज जरा ओसरल्यावर हिरड्यांची दुसरी खेपही झाली, आणि त्यानंतर दर रविवारी मोमीनसाहेब पालीला जाऊ लागले. भोरहून कापूरहोळ, तिथून वेल्ह्याकडची एसटी, फाट्यावर उतरून पुढे चिखलातून पायी. सफारी तोच, बूट पिशवीत. हौसाबाईच्या अंगणात बसून ते स्वतः ब्रश करून दाखवायचे. वरून खाली, खालून वर. शेजारच्या बाया भिंतीवर कोपरं टेकून बघायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या. पण साहेबांनी नजर टाकली की सगळ्यांची बोटं तोंडातून पदराखाली जायची. ब्रशाला हौसाबाईने सुरुवातीला हात लावला नाही. मग तह झाला. सकाळी कडुलिंबाची काडी, निजायच्या आधी ब्रश, मिश्री अजिबात नाही.

एका रविवारी साहेब अंगणात आले तेव्हा तिच्या उजव्या हाताचं बोट काळं होतं. साहेबांनी बघितलं. चुलीवर चहा उकळत होता, तो न घेता उठले आणि फाट्याच्या दिशेने चालू लागले. दोन एसट्या बदलून आलेला माणूस चहा न घेता दारातून परत जातो, हे पालीत कुणी वैऱ्याच्या दारातही केलं नसतं. हौसाबाई लंगडत बांधापर्यंत मागे आली, हाका मारल्या. ते वळले नाहीत. पुढच्या रविवारी ती त्यांना घेऊन उकिरड्याशी गेली आणि शेणात अर्धी रुतलेली डबी दाखवली. मग दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला.

गुडघा मोजायला ते दोरा वापरायचे. तिला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून गुडघ्याभोवती पांढरा दोरा गुंडाळायचा, भरेल तिथं कापायचा आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला बांधायचा. दर रविवारचा एक दोरा. श्रावण संपेपर्यंत ते लांबीने सारखेच लोंबत होते. भाद्रपदात एक आखूड झाला. त्याच्या पुढचा त्याहून आखूड. येणारीजाणारी प्रत्येक बाई दारात थांबून ते दोरे बोटाने चाचपून जायची आणि हौसाबाई आतून ओरडायची, "तोडशील ग, रांडं!"

पितृपक्षात ती माझ्या दवाखान्यात आली. एकटी, एसटीने. मी सवयीने सुई काढून ठेवली होती. गुडघ्याला हात लावला. गार. दाबून बघितला, बाजूने टिचकी मारून बघितला, आत पाणी नव्हतं. नवा एक्स-रे काढला, तर तो जुन्यासारखाच. हाडांमधली फट तेवढीच अरुंद, कडांना तेच काटे. झीज जिथल्या तिथं होती आणि सूज गेली होती. मी दोन्ही फोटो उजेडात धरून उभा होतो. हौसाबाईने विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणालो, "काही नाही." आणि लगेच दुरुस्त केलं, "मला काही दिसत नाही." सुई परत डब्यात गेली.

संध्याकाळी मीच लॅबमध्ये गेलो. साहेब नळावर ब्रश करत होते. मी सांगितलं. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हं."

मग म्हणाले, "एक गुडगा म्हंजे पुरावा न्हाई, डॉक्टर. लगीच हुरळू नका. आनि अजून गड हाय."

आता या विषयावर बरंच वाचायला मिळतं. जंतूंच्या कवचाचे तुकडे आतड्यातून, हिरड्यांतून रक्तात येतात आणि झिजलेल्या सांध्यात आग धगधगत ठेवतात का, यावर मोठमोठ्या ठिकाणी काम चालू आहे आणि अजून सगळं उलगडलेलं नाही. त्या वर्षापासून मीही प्रत्येक सुजलेल्या गुडघ्याचं तोंड बघत आलो. काहींना फरक पडला, बऱ्याच जणांना पडला नाही. मोमीनसाहेब त्या हिवाळ्यात लॅब बंद करून मुलीकडे साताऱ्याला राहायला गेले आणि आमची पुन्हा भेट झाली नाही. मला ते आठवतात ते राजगडावरचे, नवरात्राच्या सातव्या माळेचे.

आम्ही चौघं सकाळी निघालो. हौसाबाई नवं लुगडं नेसून पुढे, डोक्यावर ताकाची किटली, कारण रिकाम्या हाताने गडावर जाणं तिला माहीतच नव्हतं. मागे दत्ता, आईच्या पायावर डोळे लावून. त्याच्या मागे मोमीनसाहेब, त्याच बुटांत. सगळ्यात शेवटी मी. पाली दरवाजा येईपर्यंत हौसाबाई दोनदा थांबली, दोन्ही वेळा आमच्यासाठी. वर पोचल्यावर ती देवळात गेली. साहेब बाहेर झाडाखाली बसले. ओटी भरून ती बाहेर आली आणि पहिला ताकाचा पेला त्यांच्या हातात दिला. आसपास पुण्याची दहा-पंधरा पोरं होती. किटली बघताबघता रिकामी झाली. दत्ता मला हळूच म्हणाला, "चढली की हो!"

साहेबांनी ऐकलं. "चढायला जिद्द पुरती. उतरताना गुडगा बोलतो. आता बघायचं."

ते खरं होतं. डॉक्टर म्हणून मला ते आधी सुचायला हवं होतं. उतरताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो आणि पालीच्या बाजूच्या त्या दगडी पायऱ्या काही माणसाच्या मापाच्या नाहीत. दत्ता दोन पायऱ्या पुढे राहून उतरू लागला, आई पडली तर झेलायच्या बेताने. मी त्याच्याबरोबर होतो. वर हौसाबाई, उजवा पाय टाकायची, भार द्यायची, डावा पाय टाकायची. प्रत्येक उजव्या पावलाला दत्ताचे हात पुढे यायचे. दहा पायऱ्या. वीस. दरवाजा मागे पडला. ती न थांबता उतरत होती.

थांबले ते मोमीनसाहेब. जन्मात कधी गड न चढलेला माणूस, त्यांच्या पोटऱ्या लटलटायला लागल्या होत्या आणि गुळगुळीत बुटांना दगड धरेना. ते एका पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. हौसाबाईने मागे वळून बघितलं. रिकामी किटली आहे तिथंच ठेवली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि उतरलेल्या सात-आठ पायऱ्या ती परत चढून गेली.

दत्ता ते बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "डॉक्टर, गिऱ्हाइकाला निरोप धाडतो. म्हशी न्हाई द्यायच्या."

वर हौसाबाईने साहेबांना बूट काढायला लावले. ते तिने स्वतःच्या हातात घेतले आणि खांदा पुढे केला. "टाका हात. पाय आडवा टाकायचा, असा. घाई करायची न्हाई."

ते दोघं खाली येऊ लागले. साहेब अनवाणी, एक हात तिच्या खांद्यावर, आणि नजर पायरीवर नाही, तिच्या उजव्या गुडघ्यावर. त्यामुळे ते दर चार पावलांना अडखळत होते.

"साहेब, फुडं बगा! पडाल!"

"बघतोय की, आक्का."

"काय बगताय? आज म्या सांगीन तसं चालायचं. आज डॉक्टर म्या हाय."

मोमीनसाहेब मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पायरी अरुंद होती. मी कड्याला पाठ लावून बाजूला झालो आणि त्या दोघांना आधी जाऊ दिलं.